आत्याची फळी

हृदयाच्या चुकार ठोक्यांसाठी डॉक्टरांनी मला आज अमायोडॅरोन लिहून दिली. पाकीट फोडलं आणि शनिशिंगणापूरची आत्या आठवली.

नव्वदच्या दशकात मी फार्मसी शिकत होते. आत्याला डॉक्टरांनी हीच गोळी सुरू केली, तेव्हा मी तोऱ्यात समजावलं होतं, "हृदयाच्या पेशींना दारं असतात, त्यांतून पोटॅशियम बाहेर जातं. ही गोळी ती दारं बंद करते."

पुढच्या खेपेला पाहते तर आत्या चौकटीला टेकून धापा टाकतेय आणि गोळ्या तशाच पडलेल्या.

"आमच्या गावात कुनी घराला दार लावीत न्हाई, पोरी. अन् मी काळजाला लावू? देवाला काय वाटंल?"

हसावं की रडावं कळेना. भिंतीशी फळी उभी होती. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री ती चौकटीला टेकवायची.

"दार नाही गं आत्या, ही फळी समज. पोटॅशियम सावकाश बाहेर जातं, पेशीला विसावा मिळतो. मग भलत्या वेळी घुसणारा ठोका बाहेरच राहतो."

"फळी व्हय? मंग चालंल," म्हणत तिने तांब्या जवळ ओढला.

माझ्या फ्लॅटच्या दाराला दोन कुलपं आहेत. गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि मनात म्हटलं, आत्या, टेकवली गं फळी.