सातवा भाग येईपर्यंत गोड बंद

आमच्या खालच्या मजल्यावरचा श्रेणिक चव्वेचाळीस वर्षांचा आहे. बिद्रीच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे, दिवसभर उसाच्या रसात साखर किती ते मोजतो, आणि दोन वर्षं त्यानं साखरेचा कण तोंडात घातलेला नाही. मधुमेह वगैरे काही नाही. नियम घेतलाय.

कशासाठी, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. कॉलेजात मी त्याला इंग्रजी शिकवलं, म्हणून अजूनही परदेशी बातम्यांचा अर्थ विचारायला येतो. बातम्या म्हणजे युद्धाच्या नव्हेत, एका व्हिडिओ गेमच्या. बुडत्या बेटांवर नकाशे काढत हिंडणाऱ्या एका मुलीची ही मालिका. पहिला भाग यानं अकरावीत असताना मावसभावाच्या टीव्हीवर खेळला. सहावा येऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी सातव्याची बेचाळीस सेकंदांची झलक आली आणि हा माणूस कामातून गेला. झलकेत शेवटी एक दार अर्धं उघडतं. त्या दाराआड काय असेल, यावर त्यानं माझा किती वेळ खाल्लाय ते विचारू नका. एकदा मी सरळ म्हटलं, भिंत असेल. दोन दिवस फिरकला नाही.

तेव्हा चातुर्मास चालू होता. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, महाराजांसमोर लोक नियम घेत होते. कुणी दूध सोडत होतं, कुणी हिरवी भाजी. यानं गोड सोडलं. कुठवर, असं महाराजांनी विचारलं तर म्हणाला, एक काम होईपर्यंत. गेम पुढच्या मार्चला येणार होता, म्हणजे सात-आठ महिन्यांचा प्रश्न. दुसऱ्याच्या तारखेवर नियम घेऊ नये एवढी अक्कल केमिस्टला हवी होती. मार्चचं दिवाळीवर गेलं, दिवाळीचं एक मार्च सोडून त्याच्या पुढच्या मार्चवर.

गेल्या महिन्यात एका शनिवारी त्याची भाची अपूर्वा हिच्या डोहाळजेवणाला घरची सगळी गारगोटीला गेली. तिथं त्याच्या आईनं, अक्काताईंनी, समोर आलेली श्रीखंडाची वाटी मागं सारली. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर भाकरीबरोबर गुळाचा खडा लागणारी बाई. बायकांनी आग्रह केला तर मोठ्यांदा म्हणाल्या, पोराचं काम झाल्याबिगर मीबी गोड खाणार न्हाय, वरीस झालं सोडून. कसलं काम? तर, प्रमोशन असंल की. श्रेणिकला इतके दिवस वाटत होतं, आई पथ्यावर आहे. त्यात परतीच्या वाटेवर फोनवर कंपनीचा खुलासा आला: मार्चही रद्द, नवी तारीख यथावकाश.

रविवारी सकाळी तो माझ्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता. मॅडम, तुम्हीच सांगा तिला. मी का सांगू? महाराजांकडे जा, प्रायश्चित्त घे, विषय संपव, असं मी म्हटलं. तर म्हणाला, माझा सुटेल हो, तिचा कसा सोडवू? काम कसलं ते ती विचारणारच. मग मोबाईल बघायचा, मग खिडकी, मग पुन्हा मोबाईल. मला चक्कर यायला लागली. जिन्यात जाऊन मी अक्काताईंना हाक मारली.

त्या पदराला हात पुसत वर आल्या. मी खुर्ची दिली आणि गप्प बसले, जे मला फार जड जातं. श्रेणिकनं सगळं सांगितलं. बेटं, नकाशे, ती मुलगी, पुढं गेलेल्या तीन तारखा.

"म्हंजे प्रमोशन न्हाय?" अक्काताईंनी विचारलं.

"न्हाय."

"खेळ हाय."

"व्हय."

"आणि त्यापायी माझा गूळ गेला."

श्रेणिक खाली मान घालून म्हणाला, उद्याच महाराजांकडं जाऊ, दोघंही सोडवून घेऊ. त्यावर मात्र त्या भडकल्या.

"घेतला त्यो घेतला. तुझ्या कंपनीला शब्द पाळता येत न्हाय म्हणून मी मोडू व्हय?" मग म्हणाल्या, "त्या खेळात जीव मारत्यात का?"

मोठे खेकडे असतात, असं त्यानं कबूल केलं. पण चुकवूनही जाता येतं. अवघड जातं फार.

"मग चुकवूनच जायचं. दे शब्द."

अठ्ठावीस वर्षं खेकडे ठेचत आलेल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दिला बापड्यानं.

आता रोज सकाळी आठला, तो मोटारसायकल काढायला लागला की वर माझ्यापर्यंत ऐकू येतं, "श्रेणिक, आली का रं तारीख?" आणि दोन वर्षं ज्यानं दुसरा विषय काढला नाही, तो किक मारून पळ काढतो.