शून्य नंबरवरचा गेम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हे तेवढं गाळूनच बोलते. तुम्ही माझे कोण, मला ठाऊक नाही. पण ऐका. आणि मध्ये थांबवू नका — थांबवलंत तर मी परत नाही बोलायची.

तसं बघितलं तर केवढी गोष्ट? एक जुना टीव्ही गेम होता, तो नव्या टीव्हीला जोडायचा होता. बस. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या.

मी लग्न होऊन निमगाव सावाला आले तेव्हा माझा धाकटा दीर, संतोष, सातवीत होता. तोंडावर मी त्याला भाऊजी, अहो-जाहो करायची, पण मनात तो पोरगाच. सगळं घर दिवस उगवला की रानात. नव्या नवरीशी बोलणार कोण? तोच बोलायचा. त्याच्या मामानं पुण्याहून त्याला गेम आणला होता, कॅसेट घालायचा, दोन जॉयस्टिकचा. ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची खुपसायची आणि टीव्हीचं बटण फिरवत बसायचं. फिरवता फिरवता पडद्यावरच्या मुंग्या जायच्या आणि रणगाडे दिसायला लागायचे. "वहिनी, खालचा तुमचा, वरचा माजा. पळा की, ओ!" सासरी मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ती त्या गेमपुढं. म्हणजे बघा — त्या गेमनं माझंही कधी काही वाईट केलं नव्हतं.

पुढं तो मोठा झाला, गेम माळ्यावर गेला. बाविसाव्या वर्षी नारायणगावहून येताना त्याची मोटारसायकल घसरली. डोकं आपटलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. तोंड जरा वाकडं झालं, भिंत धरून चालायला लागला, आणि उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. सासूबाई तोवर वारल्या होत्या. सकाळी आमचे हे त्याला अंघोळ घालून रानात जायचे. बाकी सगळं माझ्यावर. चहा पाजणं, भरवणं, कपडे, गोळ्या. दिवसभर. वर्षभर. कुणी कधी विचारलं का, की बाई, तू थकलीस का? — जाऊ द्या. हे सांगायला नाही बसले मी.

मंचरचे डॉक्टर म्हणाले होते, बोटं हलती ठेवा. आज हलली तर उद्या हलतील, थांबली की मिटतील आणि मग आम्ही काही करू शकणार नाही. त्यांनी स्पंजचा चेंडू दिला दाबायला. त्यानं तो अंगणात भिरकावला. मग एक दिवस त्यालाच आठवण झाली आणि ह्यांनी माळ्यावरून गेम काढून दिला. अहो, काय सांगू! ज्या अंगठ्यानं चमचा धरवत नव्हता, त्या अंगठ्यानं तो गोळ्या मारायचं बटण दाबायला लागला. आधी पाच वेळा, मग वीस वेळा. दोन महिन्यांत मूठ आपली आपण उघडायला लागला. डॉक्टरांनी पाठ थोपटली त्याची.

आणि तेवढ्यात तो जुना टीव्ही बंद पडला.

भाऊबिजेला माझ्या भावानं मला नवा टीव्ही दिला. रंगीत, सपाट काचेचा, रिमोटचा. त्या घरात माझं म्हणावं असं पहिलं काहीतरी. मागे केबलची पिन. लोडशेडिंगचे दिवस होते, लाईट असायची दुपारी तीन तास. त्या तीन तासांत माझी भांडी घासून झालेली असायची, आणि मी पाय पसरून टीव्हीपुढं मालिका बघत बसायची.

संतोषनं पहिल्याच दिवशी गेमची वायर लावून बघितली. नुसत्या मुंग्या. ह्या टीव्हीला फिरवायचं बटणच नव्हतं. त्यानं ह्यांच्याकडं भुणभुण लावली, केबलवाल्याला बोलवा, त्याला कळतंय. केबलवाला आला त्या दिवशी हे दोघं मंचरला दवाखान्यात गेलेले. घरात मी एकटी.

दहा मिनिटांत केलं त्यानं. केबल काढली, गेमची वायर लावली, गेम चालू ठेवून रिमोटनं सर्च मारला. पडद्यावर रणगाडे आले. रंगीत! एवढी वर्षं मला माहीतच नव्हतं की त्या गेमला रंग आहेत. म्हणाला, "वहिनी, शून्य नंबरला बसवलाय. केबल काढायची, ही पिन लावायची, शून्य दाबायचा. लई सोपं हाये."

संध्याकाळी संतोष दारातूनच विचारत आला. चप्पलसुद्धा काढली नव्हती. "आल्ता का ओ केबलवाला?"

मी म्हणाले, आला होता. नव्या टीव्हीला असला जुना गेम लागत नाही म्हणाला.

का म्हणाले? मालिकेसाठी — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. मालिका काय, त्या तीन तासांतला अर्धाच तास असायची. खरं सांगू? तो गेम खेळायला लागला की त्याचं तोंड फुलायचं. मी दिवसभर त्याचं करून करून पिचत होते आणि घरात हसणारा तो होता. मला ते बघवत नव्हतं. माझ्या टीव्हीवर तर नाहीच नाही. एवढी हलकी होते मी.

बरं, एवढ्यावर थांबले असते तरी म्हणाले असते, बोलून गेले, चुकले. पण माझ्या बोलण्यानं तो थांबलाच नाही. रोज लाईट आली की गेम घेऊन टीव्हीमागे वाकायचा. वायर दातात धरायची, डाव्या हातानं पिन बसवायची. कॅसेट काढून फुंकर मारायचा, आणि वाकड्या तोंडातून ती फुंकर भलतीकडंच जायची. परत मारायचा. पिन काढून शर्टाला पुसायचा. मी खाटेवर बसून बघायची. तोंडात एक वाक्य होतं — भाऊजी, शून्य दाबा. एवढंच म्हणायचं होतं हो! जीभ का नाही उचलली माझी? केबलवाला महिन्याला यायचा तेव्हा त्याला मी फाटकातूनच वाटेला लावायची, घरात पाऊल टाकू द्यायची नाही. म्हणजे डोकं बरोब्बर चालत होतं माझं. भोळेपणा नव्हता तो.

मग एक दिवस त्यानं रिमोट मागितला. म्हणाला, एकेक नंबर दाबून बघतो, कुठंतरी असंल. एकपासून सुरुवात केली. आणि मुद्दाम उजव्या हातानं दाबत होता, तेवढाच व्यायाम म्हणून. एका नंबराला अर्धं मिनिट लागायचं. घाम यायचा कपाळावर. साठाच्या पुढं गेला आणि लाईट गेली. "ऱ्हायलेलं उद्या," म्हणाला. खुशीत होता.

आता सांगते. इथवर आले आहे तर सांगतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुकून लाईट होती. हे त्याला न्हाणीत अंघोळ घालत होते, पाण्याचा आवाज येत होता, तो ह्यांना काहीतरी सांगून हसत होता. मी टीव्ही लावला. मेनूत गेले. नको असलेले चॅनेल कसे खोडायचे ते मला येत होतं. शून्य नंबर काढला — आणि खोडला.

खोडून मी टीव्ही बंद केला आणि भाकरीचं पीठ मळायला बसले.

तो अंघोळ करून आला, केस पुसायच्या आधी रिमोट घेतला. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. नव्व्याण्णवपर्यंत गेला. आणि सगळ्यात शेवटी त्यानं शून्य दाबलं.

मुंग्या.

त्यानं पिन काढली, केबलची परत लावून दिली — माझ्यासाठी. गेम खोक्यात भरला. "वहिनी, गेम मेला," म्हणाला. "परवा माज्या हातातनं पडला व्हता. मीच मारला का ओ त्याला?"

तेव्हा तरी! त्याच क्षणी बोलले असते तर केबलवाल्याला बोलावून परत दहा मिनिटांचं काम होतं. मी काय बोलले ठाऊक आहे? मी म्हणाले, "जाऊ द्या, भाऊजी. हातच तसा, तुमी तरी काय करणार."

त्यानं मान हलवली. पटलं त्याला. त्यानंतर त्यानं त्या हातानं काही धरायचा प्रयत्न केला नाही. चेंडू दिला, नाही. चमचा दिला, नाही. "न्हाई होत, वहिनी, ऱ्हाऊ द्या." पुढच्या दिवाळीपर्यंत बोटं तळहातात मिटली. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, एवढा चांगला सुधारत होता, मध्येच काय झालं? हे म्हणाले, त्यानंच जिद्द सोडली. मी शेजारच्या बाकावर औषधांची पिशवी घेऊन बसले होते. ऐकून घेतलं.

त्याला किती वर्षं झाली, मोजत नाही मी. संतोष आता चाळिशी ओलांडून गेला. लग्न झालं नाही. तो खोका उंदरांनी खाल्ला, टीव्ही भंगारात गेला. मला सांगायला त्यानंतर हजारो दिवस मिळाले, आणि ते सगळे दिवस मी गप्प बसले. आज त्याच्या कानावर घातलं तरी त्या बोटांना काय होणार? की हेही मी माझ्या सोयीचंच बोलतेय?

दर पंधरा दिवसांनी मी त्याची नखं काढते. मिटलेल्या मुठीत वाढून ती तळहातात रुततात, रक्त निघतं, म्हणून काढावीच लागतात. कोमट पाण्यात हात भिजवते आणि एकेक बोट सोडवते. त्याला दुखतं, कळतं मला, पण तो आवाज करत नाही. अंगठा सगळ्यात शेवटी निघतो. तो दाराकडं तोंड करून बसतो आणि दर वेळी तेच म्हणतो, "माज्यापायी तुमाला लई तरास, वहिनी." मी नखं काढते, तळहात पुसते, आणि बोटं सोडते. ती पुन्हा मिटतात.