थूल मॅडमची वणव्याची सभा

पौर्णिमा थूल यांना राग पटकन येतो, असं वर्ध्याजवळच्या सेलूच्या हायस्कुलात सगळेच सांगतात. ते खरंही आहे. पण तीन तऱ्हेच्या शहाण्या माणसांना एका खोलीत बसवायचं काम ज्यानं कधी केलं नाही, त्यानं त्या रागाबद्दल बोलू नये.

बोरच्या जंगलाला लागून माळझरी नावाचं लहानसं गाव आहे, ते त्यांचं माहेर. वडील लवकर गेले. आई धुरपताबाई. तिनं दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचून विकली आणि लेकीला बी.एस्सी., बी.एड. केलं. जंगलाच्या कडेला मोहाची दोन झाडं आहेत. कागदोपत्री ती कोणाचीही असोत, गावाच्या लेखी ती धुरपताबाईंची.

आता मोह पडतो पहाटे, आणि झाडाखाली असतो वाळलेल्या पानांचा घोट्याएवढा थर. त्यात फूल सापडत नाही. म्हणून वेचणारी माणसं आधीच झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन कशी सारवल्यासारखी साफ होते. वारा नसला तर जाळ तिथंच विझतो. वारा सुटला की टेकडी चढतो. धुरपताबाईंचा जाळ तीन उन्हाळे लागोपाठ टेकडी चढला होता.

तिसऱ्या खेपेला वनरक्षक गोपाल पौर्णिमाबाईंना गाठायला थेट शाळेत आला. "मॅडम, आजीले समजावून सांगा. आतापावतर मी 'अज्ञात इसम' लिहून राह्यलो होतो. नवे रेंजर साहेब आले, ते म्हणतात पुढच्या खेपेले नावानिशी केस करा. आता माह्याच्यानं झाकनं होत नाई."

पौर्णिमाबाई त्याच संध्याकाळी माळझरीला गेल्या.

"आई, पाला झाडून काऊन नाई घेत? जाळतेच कायले?"

"तुहे गुडघे देतं का मले? देत असशीन तर झाडतो."

"मानूस लावून देतो."

"मानूस लावला का अर्धा मोहा त्याच्या घरी जाते. तुले शिकवलं म्हनून हेही शिकवाचं काय?"

सत्तरीच्या बाईवर केस होणार, तिला तालुक्याच्या कोर्टात बसवणार, आणि बाई गुडघ्यांचा हिशेब मागते. पौर्णिमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण विज्ञान शिकवणारं डोकं, ते गप्प बसेना. जंगल खात्याकडे पाला उडवायचं फुंकणी-यंत्र आहे. वर्ध्याच्या कॉलेजात श्रीधर देशपांडे नावाचे प्राध्यापक उपग्रहाच्या चित्रांवरून वणव्याचा अभ्यास करतात. जंगलाकाठच्या प्रत्येक गावात शाळा आहे, शाळेत मास्तर आहे, मास्तरापुढं मोह वेचणाऱ्यांची पोरं आहेत. हे तिघं एकदा समोरासमोर बसले, मोह पडायच्या आधी यंत्र गावोगाव फिरायचं ठरलं, की झालं. इतकं सोपं.

इतकं सोपं म्हणूनच कोणाला जमेना. जंगलवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, इथं आग लागून राह्यली, आगीवर बोलायले टाइम कोनाले आहे?" आगीचे महिने सरल्यावर केला तर म्हणाले, "आता रोपांची लावगड सुरू आहे." प्राध्यापक श्रीधर बोलायला फार गोड. "उत्तम कल्पना आहे, मॅडम," असं ते दर फोनला म्हणत आणि दर फोनला त्यांचा कुठलातरी अहवाल अडकलेला असे. शिक्षकांचं तर विचारूच नका. परीक्षा, पेपर तपासणं, मतदार यादी, लग्नसराई. एकानं तर विचारलं, जेवण आहे का. पौर्णिमाबाईंच्या नाकी नऊ आले.

शेवटी तिघांना जमेल असा एक दिवस सापडला. तो ऑगस्टात सापडला.

वणव्याची सभा भर पावसात भरली. जंगल खात्याच्या सभागृहाचे पत्रे असे वाजत होते की माइक असूनही ऐकू येईना. आधी सत्कार झाले. प्रत्येकाला एकेक रोपटं. मग फुंकणी-यंत्राचं प्रात्यक्षिक. अंगणातला भिजलेला पाला जमिनीला असा चिकटून बसला होता की यंत्र घरघरलं, सगळ्यांच्या पँटींवर चिखल उडाला, पान एक हललं नाही. टाळ्या मात्र पडल्या. पौर्णिमाबाईंना वाटलं, इथंच खाली बसावं आणि मोठ्यानं रडावं.

नंतर श्रीधर सरांनी पडद्यावर नकाशा लावला. जिथं जिथं आग लागली तिथं लाल ठिपका. माळझरीच्या टेकडीपाशी तीन वर्षं तोच ठिपका, त्याच जागी.

"याचं कारण?" कोणीतरी विचारलं.

"मानवनिर्मित," सर म्हणाले आणि घाईनं पुढच्या चित्रावर गेले.

रेंजर साहेबांनी गोपालकडं पाहिलं. "अज्ञात आहे, साहेब," गोपाल चपलेकडं बघत म्हणाला. शिक्षकांपैकी दोघं माळझरीचे. ते छताकडं बघू लागले. पौर्णिमाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं की या खोलीतल्या निम्म्या माणसांना ठाऊक आहे. सभा दहा वेळा पुढं ढकलली गेली त्यात परीक्षा होत्या, अहवाल होते, पण थोडी ही भीडही होती. थूल मॅडमच्या आईचं नाव मॅडमच्याच सभेत कोण घेणार? त्यांना उपकार वाटायला हवे होते. त्यांना संताप आला.

"मले काऊन नाई विचारत?"

शेवटच्या खुर्चीवरून आवाज आला. गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणून धुरपताबाईंना सोबत आणलं होतं. त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "तो लाल टिकला माहा हाये. जाळ माह्या हातचा."

रेंजर साहेब खिडकीबाहेरचा पाऊस बघू लागले. मग म्हणाले, "आजी, मागचं मागं. पण आता पुढच्या उन्हाळ्यात आग लागली तर मला माहीत नाही असं म्हणता येणार नाही."

"मंग पुढच्या उन्हाळ्यात काय करता थे सांगा."

त्यावर एक उपसमिती नेमावी, असं कोणीतरी सुचवलं.

"तुमची समिती बसेस्तवर मोहा झाडावर थांबते काय?" म्हातारीनं विचारलं, आणि पौर्णिमाबाईंचा बांध फुटला. इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर पडलं. फोन, परीक्षा, लावगड, अहवाल, जेवण आहे का. आवाज इतका चढला की पत्र्यांवरचा पाऊसही ऐकू येईना. "उपसमिती नको. मोह पडायला लागला की पहिल्या रविवारी सगळ्यांनी माळझरीला यायचं. सत्कार नाही, माइक नाही. झाडाखाली यायचं." एवढं बोलून त्या आईला घेऊन डॉक्टरकडं निघून गेल्या.

मार्चात ते आले. खरंच आले. रेंजर साहेब, गोपाल, श्रीधर सर आणि त्यांचे विद्यार्थी, पाच-सहा शिक्षक. यंत्र आलं आणि चालू झालं नाही. गोपालनं दोरी ओढओढून खांदा दुखवून घेतला, सरांनी काहीतरी उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं तर एक स्क्रू उरला. शेवटी गावातून खराटे आणले. धुरपताबाई दगडावर बसून सगळ्यांना झापत होत्या. "अवो गुरुजी, असं झाडतेत काय? बुडापासून बाहेर काढा ना! साहेब, तुमच्या घरी कोन झाडते?" साहेब निमूट झाडत होते. ऊन चढेपर्यंत दोन्ही झाडांखालची माती साफ दिसू लागली. पाला लांब नेऊन खड्ड्यात टाकला. सगळे घामाघूम, सगळे खूश. सरांनी फोटो काढले.

"चांगलं झालं," धुरपताबाई म्हणाल्या. "उद्या कोन येते?"

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"पानं रोज पडतात ना बाप्पा. मोहा महिनाभर पडते."

साहेबांची नागपूरला बैठक होती. सरांचा मार्चअखेर होता. शिक्षकांना सकाळची शाळा. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग, नेहमीप्रमाणे, सगळ्यांनी थूल मॅडमकडं पाहिलं. आता तारखा त्या जुळवतील.

धुरपताबाईंनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून काडीपेटी काढली आणि लेकीच्या हातात दिली.

"हे तू ठेव. माह्याजवळ राह्यली तर पाला दिसला का मी लावीन. माहा भरोसा नाई."

पौर्णिमाबाई सगळ्यांवर ओरडणारच होत्या, ते राहूनच गेलं. या बाईनं आयुष्यात कोणाकडं काही मागितलं नव्हतं, लेकीकडं तर नाहीच. त्यांनी फोन काढला, पण तारीख जुळवायला नाही.

"सर, थूल बोलतेय," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "उद्या मी पहिल्या तासाला नाही. परवाही नाही. मोह संपेपर्यंत नाही. पगार कापायचा तर कापा."

मग त्यांनी खाली पडलेला खराटा उचलला, कारण नुकतीच दोन पानं पुन्हा पडली होती.