साठ फूट खाली तेच खारं पाणी

मित्रांनो, कमरेचा दोर अजून सोडलेला नाही. विहिरीच्या कठड्यावर बसूनच लिहितेय.

पंचवीस वर्षं अमरावतीत भूशास्त्र शिकवतेय. सुट्टी मिळाली की मेळघाटातले कडे उतरते. आज त्याच दोरावर अकोटजवळ माहेरच्या विहिरीत उतरले. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा खापरपणजोबांनी ती बांधली. पाणी पहिल्या दिवसापासून खारं.

गेल्या महिन्यात भावाने विचारलं, "ताई, अजून खोल गेलं तं गोड लागीन का?" भूजलाचा नकाशा नाही म्हणत होता. त्याचा चेहरा पाहून मी हो म्हटलं. त्याने वीस फूट खोदलं.

आज तळाशी ओंजळ तोंडाला लावली. आधीपेक्षाही खारट.

वर भावजय हंडा घेऊन उभी. "गोड हाये का वो ताई?"

"नाही गं."

"अजून एकदा चाखून पाहा ना!"

मी पाच वेळा चाखलं.

वर आले तर भाऊ म्हणाला, "तू म्हणशीन तं अजून खोदतो."

खाली गोड पाणी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पुन्हा हो म्हणावंसं वाटलं. तो समोर उभा आहे, उत्तराची वाट पाहतोय. तुम्ही काय म्हणाला असता?