दैवशालानं राखलेली बोट

येलदरीच्या धरणाच्या पाण्याला लागून दिनकररावांची जमीन होती. एकुलत्या लेकीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं, तेव्हा नवरदेवानं पल्याडच्या काठावरून पाण्यातून यावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. साधी नाव नको, केबिनची मोटारबोट पाहिजे. मुंबईकडच्या कुणा श्रीमंतानं वापरून सोडलेली बोट त्यांनी आणवली. लांबलचक ट्रेलरवरून ती परभणीतून, जिंतुरातून आली, तेव्हा माणसं दुकानं सोडून रस्त्यावर उभी राहिली. विकणारा तिला यॉट म्हणत होता. गावानं तिला जहाज म्हणून टाकलं.

लग्न झालं. झेंडूच्या माळा लावलेल्या बोटीतून नवरदेव उतरला, फोटो निघाले, वैष्णवी सासरी गेली. बोटीबरोबर कोकणातून आलेला चालकही आपल्या गावी निघून गेला. पुढं पाहुण्यांना पाण्यावर फिरवायचा दिनकररावांचा बेत होता. तो काही जमला नाही. मग बोट काठच्या बाभळीला बांधून पडली.

त्याच काठावर, दिनकररावांच्या शेतात दैवशाला आणि तिचा नवरा मल्हारी राहायचे. त्यांच्या स्वतःच्या थोड्या मेंढ्या होत्या, आणि बाकी वेळ मालकाच्या रानात काम. एकदा उसाला पाणी सोडून झाल्यावर दिनकरराव जाता जाता दैवशालाला म्हणाले, “बोटीकडं ध्यान ठेव गं.”

“ध्यान म्हंजी काय करायचं, मालक?”

“काय न्हाई. जागची हलली न्हाई न्, तेवढं बघायचं.”

एवढंच बोलणं झालं. त्यातून पुढं जे झालं, ते कुणी तिला सांगितलेलं नव्हतं.

दैवशालाचं माहेर पल्याडच्या काठावर. दिवेलागणीला तिकडच्या वस्तीतले दिवे पाण्यात उतरलेले दिसायचे, वारा तिकडून असला तर कुत्र्याचं भुंकणंही ऐकू यायचं. पण जायचं म्हटलं तर धरणाला वळसा घालून एसटी, मग दुसरी एसटी, मग जीपची वाट बघत फाट्यावर बसायचं. आई गेल्यापासून तर तिचं जाणंच तुटलं होतं. भाऊ बिरदेव फोन करायचा, “आक्का, ये की.” ती म्हणायची, “येते की.” आणि फोन ठेवून द्यायची.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी तिला वाटलं, बोट जरा खाली बसलीय. गुडघाभर पाण्यातून ती गेली, कठड्याला धरून वर चढली. केबिनचं दार ढकललं तर आत ओलसर, बंद वास. तळाला पाणी साचलेलं. त्यात झेंडूच्या पाकळ्या अजून तरंगत होत्या, काळ्या पडलेल्या. खिडकीच्या वर गांधीलमाशांनी घर केलं होतं. तिनं घरून बादली आणली आणि पाणी उपसायला लागली. उपसता उपसता बोट हळूहळू हलकी झाली. पायाखालचं काहीतरी झोपेतून जागं होऊन अंग ताणावं, तसं तिला वाटलं.

दमून ती बाकावर बसली. पाण्यावरचं ऊन खिडकीतून आत येऊन छतावर हलत होतं. बोटीला झोका होता, अगदी बारीक, झोळीतल्या लेकराला कुणी नुसतं बोट लावावं तसा. दैवशालाचे डोळे मिटले. झोपेत ती चाललेली होती कुठंतरी. दोन्ही बाजूंनी पाणी मागं सरकत होतं आणि पुढं कुणीतरी चूल पेटवली होती, त्याचा धूर येत होता. जाग आली तेव्हा मल्हारी काठावर उभा राहून हाका मारत होता, आणि मेंढ्या उसात शिरल्या होत्या.

तेव्हापासून तिला बोटीचा नाद लागला. कामातून उसंत मिळाली की ती तिकडं जायची. आधी पाणी उपसलं, मग गांधीलमाशा धुरानं घालवल्या, मग गाद्या वर काढून उन्हात टाकल्या. खिडकीच्या कडेनं गळत होतं तिथं पंक्चरवाल्याकडचं रबर कापून बसवलं. जुन्या घोंगडीचा तुकडा तेलात बुडवून तिनं कठड्याचे स्टीलचे नळ घासले, तर गंजाखालून असली चकाकी निघाली की तिला आपलाच चेहरा दिसला, लांबोडका, हसणारा.

“काय करायलीस तिथं?” मल्हारी विचारायचा.

“घासायले.”

“मालकाची बोट हाय, मालकानं घासावी.”

“मालकाचा ऊस न्हाई का आपण राखायलो?”

“ऊस खायला तरी येतोय.”

ती परत नळ घासायला लागायची. बोट कशाच्या कामाला येते, हे तिलाही सांगता आलं नसतं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं. काठापासून लांबपर्यंत भेगाळलेला गाळ उघडा पडला आणि बोट जमिनीवर बसली. आधीच हेरून दैवशालानं तिच्या बगलेला जुनी टायरं आणि बाभळीचे ओंडके लावून ठेवले होते, म्हणून ती कलंडली नाही. आता पहिल्यांदाच तिला बोटीचं पोट दिसलं. हिरवंगार शेवाळ, त्याला लटकलेले शिंपले, मागच्या पंख्याला गुंडाळलेली कुणाच्यातरी मासेमारीच्या जाळ्याची दोरी. खुरप्यानं तिनं ते सगळं खरवडलं. हात जपून चालवायचा, फायबरला ओरखडा जायला नको. मेंढीची लोकर कातरताना कातडीला लागू देत नाहीत, तोच हात इथं कामी आला.

शेवाळाखाली एक चीर सापडली. बोट खाली का बसायची, ते कळलं. जिंतूरला फायबरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा भागवत म्हणून एकजण होता. दैवशाला बाजाराच्या दिवशी त्याच्याकडं जाऊन बसली. तो टाकीचं भोक बुजवत होता. भोवतालचा भाग पॉलिश पेपरनं खरबरीत केला, पांढऱ्या काचतंतूचा तुकडा ठेवला, रसायनात दुसऱ्या रसायनाचे थेंब घालून ढवळलं आणि ब्रशनं त्यावर ठोकत ठोकत लावलं.

“टाकी कुठली तुमची?” त्यानं विचारलं.

“टाकी न्हाई. जहाज हाय.”

भागवत तिच्याकडं बघत राहिला. मग उरलेलं रसायन आणि काचतंतू पिशवीत घालून त्यानं दिलं. “आधी चांगलं वाळू द्या,” तो म्हणाला. “ओल्यावर धरत न्हाई. आन् ह्याचा वास घेऊ नका, डोकं गरगरतं.”

तिनं चीर उन्हात वाळू दिली, इतकी की मल्हारी म्हणाला, आता पापडच झाली असेल. मग तोंडाला पदर बांधून तिनं थरावर थर चढवले. ठिगळ काही देखणं झालं नाही. जरा फुगलेलं, कडा वेड्यावाकड्या. पण पाऊस पडून पाणी परत आलं आणि बोट ओंडक्यांवरून उठली, तेव्हा आत पाणी आलं नाही. दैवशाला तळाशी हात फिरवून बघत बसली. हात कोरडाच राहिला.

इंजिनाला मात्र ती भीत होती. ते मल्हारीचं काम. विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यानं आयुष्यभर हाताळलेलं. एकदा तिला शोधायला म्हणून तो बोटीत शिरला, इंजिनावरचं झाकण उघडं होतं, आत डोकावला, आणि तिथंच उकिडवा बसला.

“आपलंच इंजिन हाय की हे,” तो म्हणाला. “नुसतं कपडे चांगले घातलेत.”

त्यानंतर चिडवायचा तो थांबला. दोघांनी मिळून जुनं डिझेल काढलं, फिल्टर बदलले, तेल बदललं, नळीत अडकलेली हवा पान्यानं नट ढिला करून सोडली. पंख्याची दांडी जिथून बोटीबाहेर जाते, तिथं दोरीचं वेष्टण असतं. ते दैवशालानं गळायचं बंद व्हावं म्हणून गच्च आवळलं, तर पुढं इंजिन चालल्यावर दांडी हाताला चटका बसेल इतकी तापली. मग कळलं, तिथून थोडं थेंब थेंब गळू द्यायचं असतं, त्यावरच दांडी थंड राहते. ट्रॅक्टरची बॅटरी जोडून मल्हारीनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि चालू झालं. मागच्या नळीतून पाणी थुंकायला लागलं.

“ते पाणी थुंकतंय तवर फिकीर न्हाई,” मल्हारी म्हणाला. “इंजिन थंड ऱ्हातंय त्यानं.”

दोर मात्र त्यांनी सोडला नाही. मालकाला विचारल्याशिवाय कसा सोडायचा? आणि विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. कधीमधी इंजिन घटकाभर चालवायचं, स्टेअरिंग इकडंतिकडं फिरवून बघायचं, बोट दोराला हिसके द्यायची, पाणी घुसळायचं, आणि बंद करायचं.

त्याच साली दिनकररावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले. त्यांच्या पत्नी सुमनबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. एका सकाळी त्या एकट्याच काठावर आल्या.

“ती बोट काढून टाकावी म्हणते,” त्या दैवशालाला म्हणाल्या. “सडूनच गेली असंल. भंगारवाला तरी नेतोय का बघू.”

दैवशाला नुसती पुढं झाली आणि सुमनबाईंना हात देऊन बोटीवर घेतलं. सुमनबाईंनी दार उघडलं. धुतलेल्या गाद्या, पुसलेल्या काचा, छतावर हलणारं ऊन. त्या बाकावर हात फिरवत बसल्या.

“हे कुणी केलं?”

“मीच, बाईसाब. ध्यान ठेव म्हणले होते मालक.”

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी दिनकररावांना खुर्चीत बसवून आणलं. मल्हारीनं आणि गड्यांनी खुर्चीसकट उचलून त्यांना बोटीवर ठेवलं. गडी उतरून गेले. दिनकरराव कितीतरी वेळ किल्लीकडं बघत होते. मग डाव्या हातानं त्यांनी पाण्याकडं खूण केली.

“कुटं जायचं, मालक?” दैवशालानं विचारलं.

त्यांचे ओठ हलले. सुमनबाईंनी कान लावला आणि दैवशालाकडं वळून म्हणाल्या, “तू सांग म्हणतेत.”

दैवशालानं पल्याडच्या काठाकडं हात केला.

केबिनमधली, पाण्यात तरंगवणारी जाड नारिंगी जाकिटं सगळ्यांनी घातली. मल्हारी इंजिनाशी, दैवशाला स्टेअरिंगला. दोर सुटला. काठ मागं सरकायला लागला. बाभूळ, खोपट, मेंढ्यांचा करडा ठिपका, सगळं बारीक होत गेलं. ती रोज ज्या काठावरून पाणी बघायची, तो काठ आता तिला पाण्यावरून दिसत होता, आणि तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता.

मधोमध आल्यावर मल्हारीनं मान वर केली. “थुंकायचं थांबलंय.”

इंजिनातून वाफेचा वास यायला लागला. दैवशालानं किल्ली बंद केली. आवाज गेला आणि जे उरलं, ते तिनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. काहीच नाही. वारा पडलेला, पाणी सपाट, त्यात पांढरे ढग तसेच उलटे थांबलेले. बोट जराशी फिरली आणि वर कोणतं, खाली कोणतं, ते तिला थोडा वेळ कळेना.

“बुडायलो का काय?” सुमनबाईंनी हळूच विचारलं.

“न्हाई, बाईसाब. इंजिन तापलंय. निवू द्यावं लागतंय.”

मग सगळे बसून राहिले. पाणकावळा पाण्यात शिरला तो कुठं दूर निघाला. सुमनबाईंनी पदरानं नवऱ्याच्या ओठाची कड पुसली. दिनकररावांनी डावा हात बाहेर काढून पाण्यात सोडला. पाणी त्यांच्या बोटांभोवती वळत होतं. घरच्या खोलीत भिंतीकडं बघत पडलेला माणूस आणि हा माणूस एकच, हे दैवशालाला खरं वाटेना.

इंजिन निवल्यावर मल्हारीनं तळातला पाण्याचा कॉक बंद केला. पाणी आत येताना ज्या गाळणीतून येतं ती उघडली. ती पाणवनस्पतींनी गच्च भरली होती. दैवशालानं बोटांनी ओढून ओढून तो हिरवा बोळा काढला, जाळी धुतली, परत बसवली. कॉक उघडला, किल्ली फिरवली. मागची नळी थुंकायला लागली. दिनकररावांनी मान हलवली. ती चला म्हणून होती की थांबा म्हणून, ते कुणालाच कळलं नाही.

पल्याडच्या काठावर बिरदेव मेंढ्यांना पाणी दाखवायला आला होता. बोट जवळ आली तशा मेंढ्या बिचकून मागं झाल्या. त्यानं कपाळावर हात धरून बघितलं, आणि ओळख पटल्यावर चपला न काढताच पाण्यात उतरला.

“आक्का, कशी आलीस?”

“सरळ आले,” दैवशाला म्हणाली.

बिरदेवच्या बायकोनं काठावरच चहा आणून दिला. दिनकररावांना खुर्चीतून उतरवता येईना, म्हणून सगळे बोटीवरच बसले, आणि चहाच्या कपातही बारीक लाटा उठत राहिल्या.

दिनकररावांची उजवी बाजू काही परत आली नाही. पण सवड मिळेल तेव्हा सुमनबाई त्यांना घेऊन येतात, आणि पाणी असलं तर बोट निघते. डाव्या हातानं ते थोडं स्टेअरिंगही धरतात; बोट जरा वाकडी चालते, तेवढंच. भंगाराचं नाव सुमनबाईंनी पुन्हा काढलं नाही. उलट एकदा जाता जाता म्हणाल्या, “रंग कोणता लावायचा ते तूच ठरव.”

यंदाचा उन्हाळा कडक आहे. पाणी लांब गेलंय, बोट ओंडक्यांवर चढून बसलीय आणि तिच्या सावलीला मेंढ्या दाटीवाटीनं उभ्या असतात. दैवशाला तळ घासून पॉलिश पेपर फिरवते, निळ्या रंगाचा पहिला हात देते आणि तो वाळेपर्यंत तिथंच, मेंढ्यांच्या ऊबदार अंगाला टेकून आडवी होते. भर दुपारी दूरच्या गाळावर मृगजळ चमकतं. अर्धवट झोपेत तिला ते जवळ येताना दिसतं, ओंडक्यांना लागताना, बोट उचलताना. मल्हारी शेतातून हाक मारतो, भाकरी निवायलीय म्हणून. “आले, आले,” ती म्हणते, आणि डोळे न उघडता रंगाला बोट लावून बघते, वाळला का ते.