अल सुलैमधला स्कॉटिश किल्ला

एक्याण्णवच्या जानेवारीत रियाधला एक गोष्ट घडली. घरी कधी सांगितली नाही... इथे लिहितो.

अल सुलैच्या गोदामांमागे आमचा कॅम्प होता. तीन लांब बराकी, एक मेस. मी टाइमकीपर. मराठी साहित्यात एम.ए. केलं होतं आणि फिटर-वेल्डरांची हजेरी लिहीत होतो.

आखाती युद्ध सुरू झालं आणि साइट बंद पडली. खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी, दाराच्या फटीला ओला टॉवेल, उशाशी गॅस मास्क. कोणी एका जागी बसत नसे. मी दिवसातून दहादा बराकीच्या टोकापर्यंत जाऊन परत येई... तिथे बघायला काही नव्हतं.

माझ्या अस्वस्थपणाला एक नाव होतं. विश्रामदादा, माझा मावसभाऊ, पाइप फिटर. त्याला मीच मालवणहून बोलावून घेतलं होतं. डिसेंबरअखेर आला. अजून इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, झाला नव्हता, पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरीला आणणाऱ्या मालकाकडे. परत पाठवायचं म्हटलं तरी सोय नव्हती. मावशीला तोंड दाखवायचं तर तो धड राहायला हवा होता.

संध्याकाळी अ‍ॅलन आमच्या मेसमध्ये येई. हा आमचा स्कॉटिश सुपरवायझर. त्याच्याकडे बिस्किटांच्या डब्यात त्याच्या देशातल्या किल्ल्यांची पोस्टकार्डं होती. रोज एक किल्ला काढायचा, त्याचा इतिहास आणि दंतकथा सांगायच्या. मी हिंदीत सांगे, लागेल तिथे मालवणीत.

आमच्या लोकांचे प्रश्न ठरलेले. पाण्याची टाकी कुठे, चोरदरवाजा कुठल्या बाजूला... अ‍ॅलनला असले प्रश्न पूर्वी कोणी विचारले नव्हते. तो पोस्टकार्ड डोळ्यांजवळ नेऊन शोधू लागायचा.

एकदा स्टर्लिंगचा किल्ला निघाला. तिथल्या राजाच्या पदरी एक परदेशी माणूस होता. त्याने पिसांचे पंख बांधले आणि तटावरून उडी टाकली. थेट उकिरड्यात पडला. म्हणाला, पिसांत कोंबडीची पिसं मिसळली होती, ती उकिरड्याकडेच ओढणार.

"सायबाक सांग," विश्रामदादा म्हणाला, "कोंबडी उडूक नसता, वड्यांवांगडा खावक असता."

मी सांगितलं. वडे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत युद्ध कोणाच्या डोक्यात नव्हतं, असं मला वाटतं.

मग ग्लाम्सचा किल्ला. तिथे म्हणे एक लपवलेली खोली आहे. आत कोणाला तरी कोंडलं होतं. एकदा पाहुण्यांनी ती शोधायचं ठरवलं. प्रत्येक खोलीच्या खिडकीत टॉवेल टांगला आणि बाहेर येऊन वर पाहिलं... तर टॉवेल नसलेली खिडकी निघालीच.

दुसऱ्या दिवशी कॅम्प बॉसने मला विचारलं, क्षेपणास्त्राच्या सायरननंतर माणसं लवकर कशी मोजायची. मी ग्लाम्सचे टॉवेल सुचवले. खिडक्या तर बंद केलेल्या, म्हणून दाराच्या कडीला. धोका टळल्याचा ऑल क्लिअर झाला की फटीतला टॉवेल काढून बाहेर कडीला टांगायचा. सगळे हसले, पण ठरलं.

त्याच संध्याकाळी सायरन वाजला. कुठेतरी लांब मोठा आवाज. दार हादरलं, प्लास्टिक फुगलं आणि परत बसलं. मग ऑल क्लिअर. आमचा सुदानी वॉचमन नेहमीसारखा बराकींतून ओरडत गेला, "कुल्लू खलास, कुल्लू खलास..." सगळं संपलं, बाहेर या.

दारं उघडली. कडीला टॉवेल लागत गेले. पांढरे, चट्ट्यापट्ट्यांचे, एकदोन पंचे. मी पाटी घेऊन मोजत निघालो.

तिसऱ्या बराकीत शेवटचं दार उघडलं नव्हतं. कडी रिकामी. विश्रामदादाची खोली. त्याचे सोबती दम्मामला अडकलेले, तो आत एकटा.

दार आतून लावलेलं. खाली ओल्या टॉवेलची कड दिसत होती. मी हाक मारली. "दादा." काही नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. काही नाही.

मास्क नीट लावता आला नसेल. लावून गुदमरला असेल. छाती धरून पडला असेल... मला सगळंच दिसू लागलं. पहार आणायला मी वळलो. दहा-बारा पावलं गेलो असेन. का कोण जाणे, तिथूनच पुन्हा हाक मारली. "विश्रामदादा..."

"ओ," आतून आवाज आला. लगेच.

दार उघडलं. तोंडावर मास्क तसाच. तो मी ओढून काढला. दादाचा चेहरा पांढराफटक.

"मगे पयल्यान ओ कित्याक दिलस नाय?"

"अरे, तो आरडत गेलो ना, कुल्लू खलास." कुल्लू म्हणजे सगळे, एवढं तो मेसमध्ये शिकला होता. खलास शिकायची गरज नव्हती, तो आपल्याकडे कधीचाच आहे... माणूस खलास होतो. "माका वाटला, सगळे मेले. मी एकलोच उरलंय."

"आणि मी हाका मारी होतंय तां?"

"सगळे मेले तर हाक मारणारो कोण?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "भुताक तिसरी हाक मारूक येणा नाय. म्हणान थांबलंय."

आमच्याकडे दिवेलागणीनंतरच्या हाकेला तिसऱ्या वेळेशिवाय ओ देत नाहीत. मी लहानपणापासून जाणतो. तरी दोन हाका मारून निघालो होतो.

अ‍ॅलनला सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, ग्लाम्सची ती गोष्ट आम्ही नेहमी अंगणात उभं राहूनच सांगतो... आतल्याला काय ऐकू येत असेल, हे कोणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी मावशीला पत्र लिहिलं. दादा बरा आहे, जेवला, एवढंच. त्यातला एकही शब्द मला खोटा लिहावा लागला नाही... याबद्दल आभार कोणाचे मानायचे, ते अजून ठरलेलं नाही. पण मानतो.