केसपेपरच्या खिडकीतले देवराव

तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात केसपेपर लिहिणारे देवराव कोणालाही आजार विचारीत नसत. नाव, वय, गाव लिहून झाले की ते रुग्णाकडे एकदा पाहत. मान खाली असली तर "अंगाला खाज" एवढेच नोंदवीत आणि कागद सरकवून म्हणत, "चामडीच्या डॉक्टरकडं जा. रोग त्यायले सांगा, मी त कागद फाडणारा." मूळचे बोरी अरब गावचे, आता हयात नाहीत.

माहितीच्या अधिकारात मी, रुग्णांची नावे झाकून, त्या नोंदींच्या नकला मागवल्या. पानोपानी खाज. शासकीय अभिलेखात जाणीवपूर्वक असत्य नोंदी होत असल्याचे पत्र मी वरिष्ठांना पाठवले; मागोमाग तीन स्मरणपत्रे. आदेश निघाला : रुग्णाचा त्रास त्यालाच विचारून, त्याच्याच शब्दांत नोंदवावा.

देवराव बसस्टँडवर भेटले. "काहून लिहिलं काका? मले विचारलं असतं त सांगतलं असतं. मांगं पंधरा माणसं उभी रायते. कोणती बाई बोलन तिथं?"

"नियम आहे," मी म्हणालो.

"हो. आता विचारून राह्यलो सगळ्यायले."

त्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीला लघवीच्या जागी पाण्याचे फोड आले. ताप, आग. उष्णता झाली म्हणून ती सब्जा पीत राहिली. मलाही काही दिवसांपूर्वी तसेच बारीक फोड येऊन गेले होते. मीही उष्णताच मानली आणि बोललो नाही. ती एकटीच दवाखान्यात गेली, गोळ्या घेऊन परतली. चौथ्या दिवशी तिची लघवी बंद झाली.

मी तिला त्याच दवाखान्यात नेले; वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंनी नळी घातली. हर्पीस, म्हणाल्या. "फोड दिसले त्याच दिवशी दाखवायला हवे होते. वेळेत औषध मिळाले की जोर लवकर ओसरतो. विषाणू अंगात वर्षानुवर्षे निजून राहतो, तेव्हा एकमेकांवर संशय घेत बसू नका. तुम्हीही तपासून घ्या."

तिचा आधीचा केसपेपर माझ्या हातात होता. देवरावांच्या अक्षरात, तिच्याच शब्दांत : डोकं दुखते. आदेशाचे तंतोतंत पालन झाले होते.

मी खाली येऊन रांगेत उभा राहिलो. कोणाविरुद्ध लिहावे, ते पदनाम मला सुचेना. खिडकी आली.

"काका, काय तरास?" देवरावांनी आदेशानुसार विचारले. मागची कुजबुज थांबली.

"जननेंद्रियावर फोड आले होते," मी आवाज चढवून म्हणालो. "लिहा."

त्यांनी लिहिले. कागद सरकवताना म्हणाले, "हळू बोला काका. मले ऐकू येते."